तिसऱ्या घंटेच्या आधी आत जाऊन बसा

या महिन्यात नाचाबद्दलची पाच पत्रं आली आहेत. पहिलं विश्रामबागेतून आलंय आणि त्याचं उत्तर बरंच लांबलंय. त्या बाईंना जे बघायला मिळणार आहे, ते मी आयुष्यात एकदाच समोर बसून बघितलं. 2011 साली बहिणीकडे युरोपात गेले होते तेव्हा. अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : ताई, मुलीच्या बाळंतपणासाठी नेदरलँड्सला, हेगला निघाले आहे. तिला आता फार वेळ बसवत नाही, म्हणून जावईबापूंनी त्यांचं आणि माझं असं दोघांचं एका बॅलेचं तिकीट काढलंय. किलियान नावाच्या एकाच माणसाच्या चार रचना आहेत म्हणे : ‘पेतीत मोर’, ‘झेक्स टेन्त्स’, ‘फॉलिंग एंजल्स’ आणि ‘बेला फिगुरा’. मी बॅले कधीच बघितलेला नाही. संगीत नाटकं मात्र लहानपणापासून भावे नाट्यमंदिरात बघत आले. यांच्या गोष्टी आधी कळल्या तर बरं होईल. आणि एक. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, कपडे जरा कमी असतात हं.” जावयाशेजारी बसून बघण्यासारखं आहे का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नक्की जा.

आधी माणसाची ओळख. यिर्झी किलियान यांचा जन्म 1947 साली चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागचा. आई नर्तकी होती. नवव्या वर्षी बॅलेच्या शाळेत गेले, 1967 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकायला मिळालं, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत श्टुटगार्टला जॉन क्रँको यांच्या मंडळीत दाखल झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. घर मागे राहिलं. पुढे 1975 ते 1999 एवढा काळ त्यांनी नेदरलँड्स डान्स थिएटर ही मंडळी चालवली, आणि ती हेगचीच. म्हणजे ज्या गावात तुम्ही निघालात, तेच त्यांच्या कामाचं गाव.

आता गोष्टीचं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या गावात ‘सीतास्वयंवर’ केलं. तेव्हापासून पडदा वर गेला की सांगलीकर विचारतो, हा कोण, ती कोण, पुढं काय झालं. त्यात चूक काही नाही. पण या चारही रचनांमध्ये तशी गोष्ट नाही. राजपुत्र नाही, हंस झालेली राजकन्या नाही. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात चिंचेखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणाची संगीत सभा भरते, तिथं तुम्ही कधी तरी बसला असालच. गवई पूरिया मांडतो तेव्हा ‘पुरियाचं पुढं काय झालं’ असं आपण विचारत नाही. सूर कुठून निघाला, कुठं थांबला, कुठं जीव खालीवर झाला, तेवढ्यावर लक्ष असतं. तसंच बसा. तोंडाऐवजी शरीर गातंय, एवढाच फरक.

‘पेतीत मोर’ सुरू होतो तेव्हा संगीत नसतं. सहा पुरुष असतात आणि प्रत्येकाकडे एक तलवार, बारीक, लवलवती, फेन्सिंगची. ती ते बोटाच्या टोकावर तोलत सावकाश चालतात. नाट्यगृहात एवढी शांतता, की मला माझ्या शेजारच्या बाईचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम तलवारीचं पातं हवेतून फिरतं आणि त्याचा ‘सुंऽऽई’ असा आवाज. तो आवाज हेच तिथलं पहिलं वाद्य. आपल्याकडं दांडपट्टा फिरतो तेव्हा अंगावर काटा येतो ना, तसा काटा येतो, आणि इथं तर कोणी कोणाला मारत नाही. मग ते सगळे मागे पळतात आणि रंगमंचभर मोठं कापड ओढत पुढं आणतात. लाट यावी तसं ते कापड येतं आणि परत जातं. गेल्यावर बघावं तर जमिनीवर सहा स्त्रिया आहेत. कधी आल्या, कशा आल्या, कळत नाही. मी त्या वेळी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले होते.

नंतर जोड्याजोड्यांनी जे चालतं ते संगीतकार मोझार्टच्या दोन पियानो कॉन्चेर्टोंमधल्या (पियानो आणि वाद्यवृंद यांच्या रचनांमधल्या) संथ भागांवर. 1791 साली मोझार्ट गेला. त्याला 200 वर्षं झाली म्हणून साल्झबर्गच्या महोत्सवासाठी 1991 मध्ये हा नाच बसवला गेला. मध्येच बायका मोठे काळे झगे घालून येतात असं वाटतं, आणि मग त्या झग्यामागून बाजूला होतात. झगे आपले तिथंच उभे! खाली चाकं असतात त्यांना. बघा नीट, बाई निघून गेली आणि तिचा मानमरातब नुसता उभा राहिला, असं मला ते दिसलं. तुम्हाला वेगळं दिसेल.

नावाचा अर्थ जावयांना विचारायची पाळी येऊ नये म्हणून इथंच सांगते. फ्रेंचमध्ये शब्दशः ‘छोटं मरण’. स्त्री-पुरुष एकत्र येतात त्या सुखाच्या शेवटच्या क्षणाला तिकडं असं म्हणतात. यात दचकण्यासारखं मला काही वाटत नाही. मी पस्तीस वर्षं भरतनाट्यम शिकवते, जयदेवाच्या अष्टपद्या मुलींना शिकवते, आणि राधा-कृष्णाचं त्यात काय चाललंय हे मुलींच्या आयांना चांगलं ठाऊक असतं. ‘पेतीत मोर’मध्ये कपडे अंगासरशी आणि थोडे आहेत, पण आहेत. ‘बेला फिगुरा’चं मात्र स्पष्ट सांगते : त्यात एका भागात स्त्री-पुरुष सगळ्यांच्या अंगावर सारखेच घोळदार लाल घागरे असतात आणि कमरेच्या वर काही नसतं. आधी माहीत असलेलं बरं. मला पहिले काही क्षण अवघडल्यासारखं झालं. मग डोळा घागऱ्याच्या घोळावर आणि खांद्यांवर गेला, आणि बाई कुठली, बाप्या कुठला हे शोधणंच थांबलं. तो नाच मागतो तेही हेच. जावईबापूंनी तिकीट काढलंय म्हणजे त्यांना माहीत असणार आणि तुमच्याबद्दल विश्वास असणार. त्या विश्वासाला धरून बसा.

‘झेक्स टेन्त्स’ म्हणजे ‘सहा नाच’, हसायचा भाग. 1789 मध्ये मोझार्टनं लिहिलेले सहा जर्मन नाच, त्यावर 1986 ची रचना. पावडर फासलेले टोप, उसळणारी पांढरी धूळ, शेवटी वरून साबणाचे फुगे. त्या रात्री मी मोठ्यानं हसले, लाज वाटली नाही. ‘फॉलिंग एंजल्स’चं खाली गुरुजींच्या उत्तरात वाचा.

आणि एक सूचना, ही कापून पर्समध्ये ठेवा. ‘बेला फिगुरा’ सुरू होतो तो प्रेक्षक आत येत असतानाच. दिवे चालू असतात, लोक खुर्च्या शोधत असतात, आणि रंगमंचावर नर्तक सराव करत असतात. आपल्याला वाटतं, अजून सुरू व्हायचंय, कॉफी पिऊन येऊ. ते सुरू झालेलं असतं! तिसऱ्या घंटेची वाट बघू नका. मध्यंतरानंतर सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसा. आणि शेवटही ध्यानात ठेवा : रंगमंचावर खरा जाळ पेटलेला असतो, संगीत थांबलेलं असतं, आणि दोघं जण नाचत असतात. त्या शांततेत चुकूनही पिशवी उघडू नका.

प्रश्न : मी पलूस तालुक्यातल्या एका शाळेत लेझीम बसवतो. तुम्ही मागच्या अंकात सांगितलेला आठ बायकांचा ‘फॉलिंग एंजल्स’ मोबाईलवर बघितला. आमच्या मुली हलगीवर याच्यापेक्षा पक्क्या एकसारख्या उतरतात. मग जगभर याचंच कौतुक कशाला? (एक शिक्षक)

उत्तर : गुरुजी, तुमच्या मुली एकसारख्या उतरतात याबद्दल मला शंकाच नाही. मी लहानपणी गणपतीत लेझीम खेळलेय. चार आवाज, आदिलगाव, पवित्रा, दोरुख. पन्नास लेझमींचा ‘छन्’ एकदम आला की छाती भरून येते. त्याचं कौतुक कमी होतं, हे तुमचं गाऱ्हाणं खरं आहे आणि ते मी या पानावर वारंवार मांडत आलेय.

पण ‘फॉलिंग एंजल्स’ एकसारखं नाचण्याबद्दल नाही, ते एकसारखेपणातून सुटण्याबद्दल आहे. एकदा पुन्हा बघा, या वेळी आधी नुसतं ऐका. ते संगीत म्हणजे अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या ‘ड्रमिंग’चा पहिला भाग आहे, 1971 चा. त्याआधी 1970 मध्ये ते आफ्रिकेत घानाला जाऊन तिथले ढोल शिकून आले होते. काड्यांनी बाँगो, म्हणजे छोटे जोडढोल, वाजतात. बारा मात्रांचं आवर्तन, आणि सुरुवातीला त्यात ठोका एकच, बाकी सगळी रिकामी जागा. मग एकेका रिकाम्या मात्रेत ठोका भरत जातो.

पुढची गंमत तुमच्या हलगीवाल्यांना करून बघायला सांगा. दोघांनी एकच ठेका धरायचा. पहिल्यानं लय अजिबात सोडायची नाही. दुसऱ्यानं मात्र किंचित, अगदी केसभर, जलद जायचं. आधी ठोके जाड झाल्यासारखे वाटतात, मग दुहेरी होतात, मग सगळा गोंधळ, आणि मग एकदम दुसरा बरोबर एक मात्रा पुढे जाऊन बसतो आणि नवीनच ठेका ऐकू येतो, जो दोघांपैकी कोणीच वाजवत नसतो. आपल्याकडं लय पळाली की वादकाच्या पाठीत धपाटा बसतो. राइश यांनी ते पळणंच मोजूनमापून संगीतात आणलं.

आता त्या आठ जणींकडे बघा. सगळ्या काळ्या पोशाखात, बाकी अंगावर काही नाही, हातात काही नाही. एका ओळीत, एका तालात. आणि मग एक जण निसटते. मान वळते, कोपर सुटतं, स्वतःचाच पोशाख ताणून बघते. परत ओळीत येते. मग दुसरी. 1989 मध्ये किलियान यांनी हे बसवलं तेव्हा त्यांच्यासमोर बॅलेतल्या मुलीच असणार : लहानपणापासून आरशासमोर, शेजारणीसारखं व्हायला शिकलेल्या. मला तर त्यात आमच्या वर्गातली दहावीची मुलगी दिसते, जिला ओळही हवी असते आणि ओळीतून बाहेरही पडायचं असतं. गुरुजी, पुढच्या वेळी लेझमीच्या एका फेरीत एकाच मुलीला एक मात्रा उशिरा उतरायला सांगून बघा. चुकून नव्हे, मुद्दाम. काय दिसतं ते मला कळवा.

प्रश्न : बॅलेच्या बुटाच्या टोकात लाकूड असतं का? (इयत्ता नववी, विटा)

उत्तर : नाही गं. कापड आणि कागदाचे थर गोंदानं एकमेकांवर चिकटवून ते टोक कडक करतात, वरून साटीन. घामानं आणि वापरानं ते मऊ पडतं, म्हणून मोठ्या नर्तिका ढिगानं जोड संपवतात. वरच्या चार रचनांमध्ये मात्र तसे बूट नाहीत. मऊ, पायमोज्यासारखे असतात.

प्रश्न : मिरजेत माझा कथकचा वर्ग आहे. वर्गाला 20 वर्षं होतील. वार्षिक कार्यक्रमात दरवेळी निरनिराळ्या गुरूंच्या रचना करतो. या वेळी पूर्ण संध्याकाळ फक्त माझ्याच रचनांची करावी असं मनात आहे. धाडस होत नाही. दुसरं, किलियान यांच्यासारख्यांचे नाच इतर मंडळ्या करतात, ते बरोबर तसेच कसे शिकवले जातात? (एक नृत्यशिक्षिका)

उत्तर : करा. पण माझ्या बाबतीत जे झालं ते ऐकून मग करा.

2009 साली मी सांगलीत अशीच संध्याकाळ केली. सहा रचना, सगळ्या माझ्या. चार महिने तालीम, मुली घामाघूम, मी घशानं गेलेली. टाळ्या पडल्या, हार झाले. नंतर ग्रीनरूममध्ये आमचे पेटीवाले काका, ज्यांनी माझ्या गुरूंनाही साथ केली होती, ते पेटी बंद करता करता म्हणाले, “सहा गाणी नव्हती पोरी. एकच गाणं सहा वेळा झालं.” मी त्या रात्री जेवले नाही. नंतर चित्रीकरण लावलं आणि वही घेऊन बसले. सहापैकी पाच रचनांत मुली डाव्या विंगेतून तिरक्या रेषेत आत येत होत्या. सगळ्या सहाही मध्यलयीत सुरू होऊन द्रुत होत होत्या. शेवट प्रत्येक वेळी अर्धवर्तुळ करून. मला माझ्या सवयी दिसल्या, ज्या मी वर्षानुवर्षं शैली समजत होते.

दोन वर्षांनी किलियान बघताना म्हणूनच मी नाच जेवढा बघितला तेवढाच क्रम बघितला. एक रचना जोड्यांची, एक फक्त आठ बायकांची. एका ठिकाणी पियानो, एका ठिकाणी नुसता चामड्याचा आवाज, एका ठिकाणी काहीच नाही. एक रचना पाव तासाच्या आसपास, शेवटची अर्ध्या तासाच्या जवळ. रडू येईल असं काही झालं की पाठोपाठ टोपांतली पावडर उडते. आणि तरीही दर वेळी पाठीचा कणा असा काही वळतो, की हा हात त्याच माणसाचा, हे दहा मिनिटांत ओळखू येतं. सवय बदलली तरी हात ओळखू आला पाहिजे. माझ्यात ते नव्हतं.

तेव्हा तुमच्या रचना कागदावर मांडा आणि प्रत्येकीपुढे चारच गोष्टी लिहा : किती जणी, कुठून येतात, पहिली लय कोणती, शेवट कसा. दोन ओळी सारख्या आल्या तर एक बदला. एक रचना बिनघुंगरांची ठेवा. कथकवाल्यांना हे फार जड जातं, म्हणूनच ठेवा. आणि वीस वर्षांपूर्वीची तुमची पहिली रचना घ्या, कच्ची असली तरी. वर्गात पहिल्या बॅचला होत्या त्यांच्यापैकी कोणी आता चाळिशीत असतील तर त्यांना उभं करा. किलियान यांनी 1991 मध्ये खास चाळिशी ओलांडलेल्या नर्तकांसाठी वेगळी तुकडी काढली होती. त्या वयाचं शरीर उडी कमी मारतं, पण नुसतं उभं राहिलं तरी त्यात काही तरी असतं.

शिकवण्याचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. एक लिपी. लंडनला रुडॉल्फ आणि जोन बेनेश या नवराबायकोनं 1950च्या दशकात एक लिपी तयार केली. ती संगीतासारख्या पाच रेघांवर लिहितात : सर्वांत वरची रेघ डोक्याची, खालची जमिनीची, आणि नर्तक पाठीमागून बघितल्यासारखा. त्याआधी 1928 मध्ये रुडॉल्फ लाबान यांनी वेगळी लिपी मांडली होती. दुसरी वाट आपलीच, गुरुमुखी. ज्यांनी ती रचना स्वतः नाचलेली असते ते दुसऱ्या मंडळीत जाऊन काही आठवडे राहतात आणि हात धरून शिकवतात. चित्रीकरण हाताशी असतंच, पण चित्रीकरणात वजन कुठल्या पायावर आहे ते नीट दिसत नाही. तुमच्या रचना आजच्या आज कोणाच्या तरी अंगात उतरवून ठेवा. मी माझ्या गुरूंचे दोन तिल्लाने (भरतनाट्यममधल्या तालप्रधान रचना) असे गमावलेत. ते माझ्या वहीत आहेत, बोल आणि मात्रांसकट. कुठल्या बोलावर बाईंची नजर कुठं जायची, ते नाही.

प्रश्न : मी कुपवाडला एमआयडीसीत कामाला आहे. मुलगा 13 वर्षांचा आहे, टीव्हीवर बघून बॅले करतो, खरंच छान उडतो. घरचे म्हणतात, मुलींचा नाच. एक जण म्हणाले, आता उशीर झाला. काय करू? (एक वडील)

उत्तर : भाऊ, तुम्ही पत्र लिहिलंत यातच त्याचं निम्मं काम झालंय.

मुलींचा नाच म्हणणाऱ्यांना मुलगा दुसऱ्या नर्तकाला डोक्यावर कसा उचलतो ते एकदा दाखवा. उशिराचं म्हणाल तर बॅले लवकर सुरू केलेला चांगला, हे खरं. पण जगप्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ नुरेयेव लेनिनग्राडच्या मोठ्या शाळेत दाखल झाले तेव्हा 17 वर्षांचे होते. मुंबईतला अमीरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, किशोरवयात बॅलेला लागला आणि 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकायला गेला. असे थोडेच असतात, हेही मुलाला सांगा, लपवू नका.

आपल्या भागात रीतसर बॅले शिकवणारे जवळ नाहीत. त्यासाठी पुण्या-मुंबईकडे बघावं लागेल, आणि दहावीआधी मुलाला एकट्याला पाठवू नका. तोवर सुट्टीतलं शिबिर बघा. इथं त्याला मल्लखांबाला किंवा जिम्नॅस्टिक्सला घाला, आणि सोबत कुठल्याही चांगल्या गुरूकडे ताल शिकू दे, कथक चालेल, तबलाही चालेल. मोबाईल बघून पाय जबरदस्तीनं फाकवायला बसत असेल तर आधी ते थांबवा. त्या वयात हाडं वाढत असतात.

आणि उड्या घरातल्या शहाबादी फरशीवर बिलकुल मारू देऊ नका. बॅलेची जमीन लाकडी असते आणि खालून थोडी दबते. गुडघे त्यावरच टिकतात. तशी जमीन मिळेपर्यंत तालमीच्या मातीत उडू दे, अनवाणी. जवळ तालीम असेलच.